डाव्या हाताचा क्रूस

मी खोटं बोलली. पहिलंच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणाले नको की प्रेमिलाबाईनं गोष्ट फिरवली. अडीच वर्षांच्या नातीशी खोटं बोलली, तेही येशूच्या नावावर, अन् ते निस्तराले माझ्याजवळ फक्त चौदा दिवस होते.

एका मिशनच्या शाळेत मी एकतीस वर्षं आया होती. नर्सरीची. शेंबूड पुसणे, चड्ड्या बदलणे, डबे भरवणे अन् सकाळी गेटवर आईच्या पदराले लटकलेली पोरं ओढून आत आणणे, हे माझं काम. रडणाऱ्या पोराले गप्प करायचा माझा एकच मंतर होता. "घंटा झाली की मम्मी येते." बस. दिवसातून पन्नास वेळा म्हणायची. अन् कधी खोटा ठरला नाही. साडेअकराले घंटा व्हायची, गेट उघडायचं, मम्म्या यायच्या. एखादीले उशीर झाला तं मी त्या पोराले मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहायची. पण आलीच नाही, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही.

आम्ही कॅथलिक, माझ्या आजोबांपासून. प्रताप नगरात दोन खोल्यांचं घर. समोरच्या खोलीत कोपऱ्यात देवाची फळी आहे, तिच्यावर मधात क्रूस, एका बाजूले मारियामाता, दुसऱ्या बाजूले संत अंथनी. अंथनीचं नाक मिनलनं लहानपणी पाडलं. मिनल माझी एकुलती एक पोरगी. तिनं लग्न केलं ते दुर्गेशशी. तो भिवापूरचा, घरी मिरचीची शेती, देव्हारा, महालक्ष्म्या, सगळं. मी महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मग बोलली. पोरगा चांगला निघाला, त्याले मी काय करू? कोराडीले पॉवर स्टेशनात नोकरी, तिथंच कॉलनीत क्वार्टर. रितिका झाली तेव्हा तोच म्हणाला, "आई, बाप्तिस्मा करा न. मिनलची इच्छा आहे तं मले काय अडचण आहे?" त्याची आई, शोभाताई, काठाचं पातळ नेसून चर्चमध्ये आली अन् हातात मेणबत्ती धरून शेवटपर्यंत उभी राहिली. मेण हातावर सांडलं तरी हलली नाही.

तर रितिका. डावखुरी. मिनल पण तशीच होती, पण तिची सवय मी फटके देऊन मोडली. माझ्या हाताखालून गेलेलं एकही पोरगं डाव्या हातानं क्रूस करत नव्हतं, मग माझ्याच घरात चालू देऊ काय? रितिका दोन वर्षांची झाली तशी मी तिच्या मागे लागली. "डावा हात मागे. उजवा हात कपाळाले. आता छातीले. नीट. नीट केलं तं येशू ऐकते." ती डाव्या हातानं कपाळ धरायची, मग पोट, मग दोन्ही कान, अन् "आमे!" म्हणून टाळ्या वाजवायची.

मिनल हसायची. "राहू दे न वं आई. येशूले दोन्ही हात चालतात."

"तुले चालत असतीन," मी म्हणायची. "येशूले नाही चालत."

मार्चच्या शेवटी मिनलले ताप आला. दोन दिवस कोराडीतच गोळ्या घेतल्या, तिसऱ्या दिवशी दुर्गेश दोघींले घेऊन माझ्याकडे आला. रितिकाले माझ्याजवळ ठेवलं अन् मिनलले दवाखान्यात न्याले ऑटो बोलावला. उन्हात सुद्धा तिले थंडी वाजत होती, अंगावर ब्लँकेट. ऑटोत बसल्यावर तिनं ब्लँकेट तोंडावर ओढलं, मग काढलं अन् म्हणाली, "कुक्!" त्या दोघींचा रोजचा खेळ होता तो. रितिका माझ्या कडेवर खिदळली. ऑटो गेला.

नऊ दिवसांनी, शुक्रवारी, मिनल गेली. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. एकतीस वर्षांची होती.

शनिवारी माती दिली. रितिकाले मी शेजारच्या चारुशीलाकडे ठेवलं. शोभाताई म्हणत होत्या, "विहिणबाई, तोंड दाखवा लेकराले. नाहीतं शोधत राहते ते." मी म्हटलं, "तुमच्यात काय करतात ते मले नका सांगू. एवढ्याशा पोरीले पेटी काय दाखवता?" बरोबर त्याच होत्या. पण माझं तोंड! त्या दिवशी सुद्धा गप्प बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्यात ईस्टरच्या दोन आठवडे आधी चर्चमधले क्रूस अन् मूर्ती जांभळ्या कपड्यानं झाकतात. येशूच्या दुःखाचे दिवस म्हणून. ईस्टरले काढतात, कारण त्या दिवशी येशू कबरेतून उठला. माझी आई घरच्या मूर्ती पण झाकायची, म्हणून मी पण झाकते. गेल्या वर्षी मिनलनं त्यासाठी नवीन खोळी शिवून दिल्या होत्या. मूर्ती तीन, खोळी चार. कापड उरलं होतं म्हणून एक जास्तीची शिवली, एवढंच.

पोरगी काल पुरली अन् आज मी खोळी काढून बसली. काहून बसली? न बसून काय करू? हात चालू पाहिजेत. रितिकाले मी कडेवर घेतलं अन् दाखवलं, "हे पाह्य, येशूले झाकलं. ईस्टरले काढू. मग येशू येते." तिले तो खेळ वाटला. टाळ्या वाजवल्या. तीन खोळी घालून झाल्या. तेवढ्यात तिचं लक्ष फळीच्या बाजूच्या खिळ्यावर गेलं. दुर्गेशनं मिनलचा फोटो मोठा करून आणला होता, हार घालून तिथं टांगला होता.

"मम्मी!" ती ओरडली. मग फोटोकडे दोन्ही हात केले. "मम्मी, ये."

फोटो काय येणार? ती खाली उतरली, भिंतीजवळ गेली, मान वर करून उभी राहिली. "मम्मी, ये. मम्मी, ये. मम्मी, ये." दहा मिनिटं. वीस मिनिटं. रडून रडून उचकी लागली तरी तेच. दुर्गेश आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडला होता. माझ्या हातात चौथी खोळ होती. मी ती फोटोवर घातली.

रितिका थांबली. "मम्मी कुठं?"

अन् माझ्या तोंडातून तो एकतीस वर्षांचा मंतर निघाला. "मम्मी कपड्यात आहे, येशूसारखी. ईस्टरची घंटा झाली, कपडा काढला, की मम्मी येते."

ती गप्प झाली. एकदम. नाक पुसून घेतलं, वरणभात खाल्ला, झोपली. तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. इतकं चांगलं काम केलं त्या खोट्यानं, की मी त्या रात्री देवाचे आभार मानले. मूर्ख बाई!

सकाळी उठून ती फळीखाली जाऊन उभी राहिली. "आजी, घंटा झाली?"

खेळ नव्हता हा. ती वाट पाहून राहिली होती. चौदाव्या दिवशी हे लेकरू कपडा ओढणार होतं. त्याच्या आत मले तिले सांगायचं होतं की कपड्यात कोणी नाही.

मी दुर्गेशले सांगितलं. त्याची दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. "आई, काहून सांगितलं असं?"

"तोंडातून निघून गेलं."

"मग तुम्हीच सांगा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, कधीच चढवत नाही. "मले नाही जमत. ती मले विचारते तं मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो."

बुधवारी मी फादर सुशीलकडे गेली. पोरगेलासा आहे, नवीनच आला आमच्या चर्चमध्ये. त्यानं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाला, "प्रेमिलाबाई, खरं तेच सांगा. मिनल देवाजवळ आहे. शेवटच्या दिवशी आपण सगळेच उठणार आहोत."

"फादर, शेवटचा दिवस तुम्हाले समजते. तिले उद्या म्हणजे काय तेच समजत नाही. झोपून उठलं की उद्या, एवढंच माहीत आहे. तिले मी काय सांगू, किती वेळा झोप म्हणून?"

त्यानं हळूच विचारलं, "तुमचा तरी विश्वास आहे ना?"

"आहे न," मी म्हटलं. ते खोटं होतं की खरं, मले आजही सांगता येत नाही. साठीच्या बाईले असं विचारलं तं ती दुसरं काय म्हणणार?

पुढच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या वाटल्या, ईस्टरच्या आठवडाभर आधी दरवर्षी वाटतात तशा. रितिका झावळी हलवत होती, खूश होती. मिस्साची प्रार्थना झाल्यावर मी तिले सरळ कब्रस्तानात नेलं. ठरवून नेलं. आज काय व्हायचं ते होऊ दे, पण सांगायचंच. मिनलची माती अजून ताजी होती, वर लाकडाचा क्रूस, वाळलेली फुलं. मी खाली बसली. तिले समोर उभं केलं. "रितू, मम्मी इथं आहे. मातीच्या खाली. मम्मी आता उठत नाही."

तिनं मातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग उकिडवी बसली अन् बोटानं माती टोकरली. "हा पण कपडा?"

"नाही बाळा, ही माती आहे."

"ईस्टरले काढू," ती म्हणाली. अन् मले शिकवल्यासारखं करून, तळहातानं माती थोपटली. पांघरूण घातल्यावर मिनल तिले थोपटायची, तशी. झावळी तिथंच ठेवली अन् क्रूस केला. डाव्या हातानं. मध्येच तिच्या लक्षात आलं, हात झटकला, उजव्या हातानं पुन्हा सुरुवात केली, मग विसरली अन् कान धरले. मी तिथं तोंडाले पदर लावून रडली. येणारे-जाणारे पाहत होते. पाहा म्हटलं.

त्याच आठवड्यात मी आणखी एक केलं. हे सांगाले नको वाटते, पण सांगते. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेले बसलो. रितिकाची चुळबुळ चालू, डावा हात वर, उजव्या हातात बिस्कीट. दिवसभर उकाडा, डोकं दुखत होतं, अन् मी खेकसली, "नीट कर वं! नीट नाही केलं तं मम्मी कशी येणार?"

जीभ झडून जावी माझी.

तिनं बिस्कीट खाली ठेवलं. डावा हात मागे नेला. उजवा हात कपाळाले लावला अन् पुढं कुठं न्यायचा ते आठवेना, म्हणून माझ्याकडे पाहत राहिली. त्या दिवसापासून मी न सांगता ती दिवसातून दहादा फळीखाली उभी राहायची अन् प्रयत्न करायची. डावा हात सारखा पुढं यायचा. ती त्याले चापट मारायची. माझीच चापट होती ती. माझ्याकडूनच शिकली.

गुरुवारी संध्याकाळपासून चर्चच्या घंटा बंद होतात, त्या ईस्टरलेच वाजतात. गुड फ्रायडेले, ती चारुशीलाकडे खेळत होती तेव्हा, मी फोटोवरची खोळ काढून टाकली. म्हटलं, आधीच काढून ठेवली तं वाट पाहाले काही राहत नाही. रडेल एकदा, संपेल. ती आली, वर पाहिलं, अन् असं किंचाळली की चारुशीला मागून धावत आली. "नाही! घंटा नाही झाली! झाक! आजी, झाक!" जमिनीवर लोळली, डोकं आपटाले लागली. मले म्हणाली, "तू नीट नाही केलं."

मी खोळ परत घातली. चारुशीला बिचारी दारातच उभी होती. "काय झालं वं प्रेमिलाताई?" मी म्हटलं, "काही नाही. मी पाप करून राहिली."

ड्युटीवर परत गेलेला दुर्गेश ईस्टरच्या सकाळी पहिल्या बसनं कोराडीहून आला. पोरीसाठी पांढरा फ्रॉक आणला होता. दोन मापं मोठा. मापाचं मिनल पाहायची. आम्ही तिघं चर्चमध्ये गेलो. चर्च भरलेलं, मूर्ती उघड्या, फुलंच फुलं. गौरवगीत सुरू झालं अन् सगळ्या घंटा एकदम वाजल्या. वरची मोठी, वेदीजवळच्या लहान, सगळ्या.

सगळे लोक वेदीकडे पाहत होते. रितिका बाकावर उभी राहिली अन् दाराकडे वळली.

ते तोंड मले ओळखीचं होतं. साडेअकराले नर्सरीतली पोरं गेटकडे असंच पाहायची. दारातून उशिरा आलेल्या दोन-तीन बायका आत येत होत्या. ती एकेकीचं तोंड पाहत होती. घंटा थांबल्या. ती तशीच उभी. मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "घरी. कपड्यात." मलेच धीर देऊन राहिली होती ती.

घरी आल्यावर चपला पण काढल्या नाहीत. "आजी, काढ, काढ!" मी येशूची खोळ काढली. "येशू!" मारियेची काढली, अंथनीची काढली. ती प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायची. मग दुर्गेशकडे हात केले. त्यानं उचललं. मी म्हणाली, "थांब दुर्गेश," पण कोणाले थांबवत होती, कशासाठी? चौदा दिवस मी थांबलीच होती. रितिकानं डाव्या हातानं खोळ ओढली अन् ओरडली, "कुक्!"

सुकलेला हार, अन् फोटोतली मिनल.

रितिका थांबली. फोटोले बोट लावलं. मग फ्रेम सरकवून मागे पाहिलं. मागे भिंत होती. तिनं दुसऱ्या बाजूनं पण पाहिलं. दुर्गेशनं तिले फळीखालच्या स्टुलावर उभं केलं अन् तो आत गेला. नळ सुटल्याचा आवाज आला.

मी स्टुलासमोर गुडघ्यावर बसली. "रितू, माझ्याकडे पाह्य. मम्मी मेली. मम्मी आता येत नाही. घंटा झाली तरी नाही, कपडा काढला तरी नाही. आजी खोटं बोलली तुझ्याशी. आजीचं चुकलं."

शेवटी बोलली मी. तिनं सगळं ऐकलं, माझ्या ओठांकडे पाहत. रडली नाही. मग मान खाली घालून आपल्या हाताकडे पाहिलं. खोळ अजून डाव्या हातात होती.

"आजी," ती म्हणाली, "हा हात."

मले आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी तिचा तो हात दोन्ही हातांनी धरला, त्याचे मुके घेतले. "नाही बाळा, नाही. हाताचं काही नाही. दोन्ही हात चालतात. मम्मी म्हणायची न? येशूले दोन्ही हात चालतात."

तिनं मान हलवली. नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता, पण सहा महिने सांगितलं त्याच्यावर, आज सांगितलं त्याच्यावर नाही. हात सोडवून घेतला. टाचा उंच करून, धडपडत, खोळ परत फोटोवर चढवली. उलटी बसली, शिवण बाहेर आली. मग डावा हात पाठीमागे नेला अन् पुढं येऊ नये म्हणून मागून फ्रॉक गच्च धरला.

उजवा हात कपाळाले. छातीले. डाव्या खांद्याले. उजव्या खांद्याले. कुठं चुकली नाही. "आमेन," म्हणाली, सगळं, शेवटच्या न सकट. सहा महिने मी ज्यासाठी तिच्या मागे लागली होती, ते तिनं पहिल्यांदा जसंच्या तसं केलं.

अन् मग त्याच हातानं खोळ ओढली अन् फ्रेमच्या मागे वाकून पाहिलं.